सुई हलवायची राहिली

संध्याकाळी पावणेसहाला फोन वाजायचा आणि पारावाले तो तिसऱ्या घंटीला उचलायचे. पहिल्याच घंटीला उचलला तर माणूस फोनला चिकटून बसला होता हे उघड झालं असतं, आणि पाचवीपर्यंत ताणलं तर समोरच्याने ठेवून द्यायची भीती. तिसरी बरी. खरं सांगायचं तर ते सव्वापाचपासूनच फोनशेजारच्या खुर्चीत बसलेले असायचे, पण ते बघायला तिथे होतं कोण?

“काका, आज किती उतरेल?”

“थांबा हं, बघतो,” असं म्हणून ते वहीची दोन-तीन पानं उगाच फडफडवायचे. आकडा त्यांनी अडीच वाजताच काढून ठेवलेला असायचा. “सहाच्या खाली जात नाही. वारा आहे आज. पाणी नको.”

“नको ना? सुटले मी.”

मग ती दोन वाक्यं इकडची, दोन तिकडची बोलायची. सासूने आज काय हट्ट धरला, पंपाने कसा दगा दिला, असलं काहीतरी. चार मिनिटं, कधी पाच. फोन ठेवला की पारावाले उठून भात टाकायचे. दिवसभरात त्यांच्या तोंडून जे काही शब्द निघत, त्यातले जवळजवळ सगळे याच पाच मिनिटांत निघत.

पारावाले हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. शेती संशोधन केंद्राच्या टेकडीवर ते गेली एकतीस वर्षं हवा मोजत होते. हवेतली ऊब, दमटपणा, वारा, पाऊस, जमिनीच्या पोटातलं तापमान, सगळं. म्हणून खालचे शेतकरी त्यांना पारावाले म्हणत. त्यांचा स्वतःचा पारा चढलेला मात्र कुणी कधी पाहिला नव्हता. चढायला समोर कुणीतरी लागतं.

पूर्वी टेकडीवर अकरा माणसं होती. मग केंद्राची नवी इमारत मोठ्या रस्त्याला झाली आणि सगळे तिकडे गेले. टेकडीवर उरलं ते एक तारेचं कुंपण, कुंपणातली तापमापकांची पांढरी, झडपांची पेटी, गवतालगत आडवा ठेवलेला आणखी एक तापमापक, पाऊस मोजायचं नळकांडं, वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा बाण, आणि बाजूच्या दोन खोल्यांत पारावाले. सकाळी सातला नोंद, दुपारी दोनला नोंद. आकडे मोबाईलवरून नव्या इमारतीला पाठवायचे. उत्तरादाखल एक निळी खूण यायची. ती कोण पाठवतं हे त्यांना माहीत नव्हतं. बहुधा कुणीच नाही.

बायको जाऊन तीन हिवाळे झाले होते. पहाटेच गेली, याच खोलीत, झोपेत. त्या सकाळीही सातची नोंद चुकली नव्हती. किमान तापमान दोन पूर्णांक चार, त्या सालातलं सगळ्यात कमी. मुलगी दुसऱ्या दिवशी आली आणि तिने टेबलावरच्या वहीत तो आकडा पाहिला. “बाबा, तुम्ही त्या दिवशीसुद्धा बाहेर जाऊन हे लिहिलंत?” एवढंच म्हणाली. तेव्हापासून ती दर रविवारी फोन करते, जेवलात का, गोळ्या घेतल्या का, आणि त्यांना वाटतं की ती यादी वाचते आहे. त्यांनी तिला कधी सांगितलं नाही की त्या सकाळी त्यांना दुसरं काय करावं हेच सुचलं नव्हतं. हात आपोआप वहीकडे गेले होते.

तर, हा पावणेसहाचा फोन.

फोन करणारी बाई टेकडीच्या पायथ्याशी राहायची. ओढ्याच्या वळणावर, अगदी खोलगट जागी तिचं शेत होतं. नवरा जहाजावर, आठ महिने पाण्यावर, दोन महिने घरी. घरात ती आणि सासू, आणि दोघींनी मिळून लावलेला बटाटा, तोही बियाण्याचा. बियाण्याच्या बटाट्याचे लाड फार. थंडी हवी, पण गोठवणारी नको. कडाका पडणार असेल तर संध्याकाळी पाणी द्यायचं, म्हणजे ओली जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्रभर थोडी थोडी सोडते. पण उगाच पाणी दिलं तर पानं ओली राहतात आणि करपा धरतो. न द्यावं तर गारठ्याने मरतात, द्यावं तर रोगाने. रोज संध्याकाळी सहाच्या आत हो की नाही ठरवायचं. म्हणून ती रोज विचारायची, आणि पारावाले रोज सांगायचे.

ऐन थंडीतल्या एका सकाळी मात्र बाई स्वतःच आली. चढ चढून धापा टाकत होती. हातात बटाट्याचं उपटलेलं झाड होतं, पानं काळी पडून उकडल्यासारखी लिबलिबीत झालेली. तिने ते सरळ टेबलावर, वहीच्या उघड्या पानावर ठेवलं.

“हे तुमचे चार अंश, काका.”

पारावाल्यांनी झाडाकडे पाहिलं. मग झाडाखालचं पान ओढून पाहिलं. काल संध्याकाळी त्यांनी चार सांगितले होते आणि सकाळी पेटीत बरोबर चारच होते. आकडा अचूक, आणि झाड मेलेलं.

“पेटीत चारच होते,” ते म्हणाले. “अगदी शपथेवर.”

“मग माझी पानं कशाने गेली?”

“त्याचं असं आहे, ताई. पेटी छातीएवढ्या उंचीवर असते. सगळीकडे तशीच ठेवतात, नियम आहे तो.”

“बटाट्याची झाडं छातीएवढी कुठे असतात हो?”

असा प्रश्न एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी विचारला नव्हता. मग त्यांनी समजावून सांगितलं, जसं नव्या भरती झालेल्यांना सांगत. थंड हवा जड असते. वारा नसला की ती उतारावरून पाण्यासारखी खाली येते आणि खोलगटात साचून राहते. टेकडीवर चार असलं तर तिच्या शेतात, जमिनीलगत, शून्य असणार, किंवा त्याच्याही खाली.

“आणि हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“होतं.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तुम्ही विचारायचात, किती उतरेल. मी पेटीतलं सांगायचो.” स्वतःच्याच कानाला ते किती बावळट वाटतं हे त्यांना कळत होतं. “मी कायम पेटीतलंच सांगतो.”

बाई स्टुलावर बसली. भांडायला आली होती, पण भांडणाचं अवसान चढावरच संपलं असावं. “खालच्या तीन ओळी गेल्या,” ती म्हणाली. “अजून पाच आठवडे काढायचेत. माझ्या शेतात, माझ्या झाडांच्या उंचीवर किती होतं, ते कुणाला कळणार?”

याचं उत्तर तिच्या पाठीमागच्या कपाटात होतं. खालून दुसऱ्या कप्प्यात, कापसात गुंडाळलेला, जमिनीलगतचं तापमान मोजायचा एक जादा तापमापक. गेली सहा वर्षं कुणी त्याला हात लावला नव्हता आणि त्याची आठवण ठेवणारा माणूसही जगात एकच होता. तो तिच्या शेतात लावला की तिचा आकडा तिला मिळाला असता, रोज, घरबसल्या, आणि काल रात्री किती उतरलं त्यावरून आजचं पाणी तिचं तिलाच ठरवता आलं असतं. तिने मग पावणेसहाला फोन कशासाठी केला असता?

पारावाले मूग गिळून बसले. वाईट माणूस नव्हता हो, पण बसला.

“मी तुमचा आकडा वेगळा काढत जाईन,” ते म्हणाले. “वारा, ढग, सगळं धरून. फोन मात्र रोज करा.”

पुढचे आठ-दहा दिवस पारावाल्यांचे बरे गेले. बरे म्हणजे किती, तर ते शिट्टी वाजवू लागले. दुपारच्या नोंदीनंतर कागद घेऊन ते तिच्या शेताचा आकडा काढायचे; ढग असले तर दोन वजा, आभाळ निरभ्र असलं तर पाच वजा, ओढ्यावर धुकं दिसलं तर आणखी काहीतरी. फोनही लांबला. पाच मिनिटांचे बारा झाले. सासूबाई पंपाला नावाने हाक मारतात आणि चालू झाला नाही तर त्याच्याशी अबोला धरतात, हे त्यांना कळलं. जहाजावरचा नवरा फोनवर फक्त “तिकडे हवा कशी आहे” एवढंच विचारतो, हेही कळलं. “सगळ्या पुरुषांना हवाच का लागते हो?” ती म्हणाली, आणि पारावाले खोलीत एकटेच मोठ्याने हसले. हसल्यावर खोलीत तो आवाज जरा जास्तच घुमला.

मग एके दिवशी त्यांनी पाणी द्यायला सांगितलं. त्यांच्या हिशेबाने शेतात शून्याखाली जाणार होतं. दोघी सासू-सुना अंधार पडेपर्यंत घोट्याएवढ्या गार पाण्यात उभ्या राहिल्या. आणि मागाहून ढग आले. सकाळी शेतातलं गवत साधं ओलं, कुठे काही गोठलेलं नाही.

“काका, आज किती?” दुसऱ्या संध्याकाळी फोनवरचा आवाज बसलेला होता. “जरा नीट बघून सांगा हं. सासूबाईंना ताप भरलाय कालपासून.”

त्यांनी आकडा सांगितला आणि फोन ठेवला. त्या दिवशी भात टाकायला ते उठले नाहीत. बराच वेळ कपाटाकडे बघत बसले. आपल्या पाच मिनिटांसाठी एक म्हातारी थंडीत भिजली, हे त्यांनी स्वतःला सरळ शब्दांत सांगून टाकलं. आपण अंदाज करत होतो, आणि खात्री कपाटात पडून होती.

दुसऱ्या दिवशी दुपारची नोंद आटोपून ते तापमापक घेऊन टेकडी उतरले. शेवटच्या वळणावर एकदम गुडघ्याखाली गार लागलं, एखाद्या हौदात पाय टाकावा तसं. तिथून पुढे तिचं शेत सुरू होत होतं. थंडी नेमकी कुठून चालू होते हे पायालाच कळलं, आणि गेल्या कित्येक वर्षांत आपण इथवर एकदाही चालत आलो नव्हतो याची त्यांना लाज वाटली.

त्यांनी मोकळी जागा पाहून दोन बेचक्या जमिनीत रोवल्या आणि झाडांच्या शेंड्यांच्या उंचीवर तापमापक आडवा ठेवला. बाई शेजारी उकिडवी बसून बघत होती. सासूबाई शाल पांघरून ओसरीवरून लक्ष ठेवून होत्या.

“ही बघा, नळीत द्रव आहे, आणि द्रवात ही काळी सुई. रात्री गारठा वाढला की द्रव मागे सरकतो आणि सुईला बरोबर ओढून नेतो. सकाळी ऊब आली की द्रव पुढे जातो, पण सुई तिथेच राहते. म्हणजे रात्री सगळ्यात खाली किती गेलं होतं, ते सुई सांगते. फुग्यापासून लांबचं टोक वाचायचं. द्रव कुठे आहे ते बघायचं नाही. सुई वाचायची.”

“सुई वाचायची,” ती म्हणाली.

“वाचायची आणि लगेच लिहायची. वाचून मग लिहू, असं करायचं नाही, विसरतं. आणि आपल्या अंगाला काय वाटतं त्यावर जायचं नाही. अंग खोटं बोलतं.”

“आणि तुमचं हे?”

“हे नाही बोलत.”

“पारावाले,” सासूबाई ओसरीवरून ओरडल्या, “म्हणजे आता रोज तुमची मनधरणी करायला नको!”

“नको,” पारावाले म्हणाले. चहा पिऊन ते परत निघाले. बाई कुंपणापर्यंत आली आणि तिने मनापासून आभार मानले.

त्या संध्याकाळी पावणेसहाला फोन वाजला नाही. वाजणार नाही हे ठाऊक असून ते सहा वाजेपर्यंत खुर्चीत बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी रिसीव्हर उचलून आवाज येतो का पाहिलं. चौथ्या दिवशी, फोन बाहेरून लागतो का ते बघायला म्हणून, त्यांनी मुलीला फोन लावून परत करायला सांगितलं.

“काय झालं बाबा? आज रविवार नाही.”

“काही नाही. फोन तपासत होतो.”

“चालू आहे?”

“चालू आहे.”

“मग ठेवू?” तिने विचारलं, आणि ते हो म्हणाले.

दिवस जात राहिले. ढग येऊन गेले, थंडी सरली, पहाटेची झुळूकही मऊ झाली. तापमापक लावल्यापासून दुसऱ्याच रात्री शेतातली सुई खूप खाली गेली असणार, ती रात्र त्यांच्याकडेही कडक होती. पण त्यानंतर सलग अकरा दिवस टेकडीवर नऊ-दहाच्या खाली पारा आला नव्हता. बाईला आता पाणी द्यायची गरजच नसेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. आरामात असेल. एवढं बरं चाललंय तर एखादा फोन करून सांगायला काय जातं, असंही एकदा मनात येऊन गेलं. मग त्यांनी स्वतःलाच झापलं.

बाराव्या सकाळी सातला ते कुंपणात गेले. पेटी उघडून वाचली, लिहिलं. मग गवतालगतच्या आपल्या तापमापकाशी वाकले. आठ पूर्णांक एक. लिहिलं. आणि रोजच्यासारखा हात पुढे गेला, नळी उचलून, फुगा वर करून, तिरकी करायला, म्हणजे सुई घरंगळत जाऊन द्रवाच्या टोकाला टेकते आणि पुढच्या रात्रीसाठी मोकळी होते.

हात तिथेच थांबला.

हे आपण तिला सांगितलं होतं का?

त्यांनी शेतातलं सगळं संभाषण मनात पहिल्यापासून चालवून पाहिलं. बेचक्या. सुई. फुग्यापासून लांबचं टोक. वाचायची, लिहायची. अंग खोटं बोलतं. चहा. नव्हतं सांगितलं. एकतीस वर्षांत त्यांनी किती नवख्यांना शिकवलं असेल, आणि प्रत्येकाला पहिलं वाक्य एकच: वाचा, लिहा, हलवा. तीन शब्द. झोपेत विचारलं तरी सांगितले असते. तिला त्यांनी दोनच सांगितले होते.

म्हणजे तिची सुई त्या दुसऱ्या रात्रीवरच बसून होती. त्यानंतर कितीही ऊब आली तरी सुई सांगत राहणार, गोठतंय, गोठतंय. आणि ती बिचारी रोज संध्याकाळी पाणी देत राहणार.

पारावाले गवतात तसेच उकिडवे बसून राहिले. चूक झाली, हे खरं. पण अशी चूक आपल्या हातून होते? मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. रोज पावणेसहाला खुर्चीत बसून आपण वाट कसली बघत होतो? काका, हे बिघडलं वाटतं, जरा येऊन बघता का, असं कुणीतरी म्हणावं याचीच ना?

वही त्यांनी तिथेच पेटीखाली ठेवली आणि निघाले. फोनवर सांगता आलं असतं, दोन मिनिटांचं काम. पण हे फोनवर सांगायचं नव्हतं. आकडे पाठवायचे राहिले आणि दुपारच्या नोंदीला आपण परत पोचू की नाही, हा विचारसुद्धा त्यांच्या मनात आला तो पार खालच्या वळणावर. तिथे या वेळी पायाला गार लागलं नाही.

शेत चिखलाने भरलं होतं. बाई खालच्या कोपऱ्यात वाकून पानं खुडत होती. तिचे डोळे खोल गेले होते, हाताची बोटं पाण्याने सुरकुतली होती. तिने खुडलेलं पान त्यांच्यापुढे धरलं. पानावर तपकिरी डाग होते, कडेला पांढरट बुरशी.

“करपा आला, काका. येणारच. रोज पाणी, रोज पाणी, बारा दिवस झाले. काय ही थंडी, हटत नाही. रोज उणे एक! दशांशाचा फरक नाही.”

“रोज एकच आकडा आला तरी तुम्हाला संशय नाही आला?”

“आला की. अंगाला तेवढा गारठा वाटतच नव्हता. सासूबाई तर म्हणाल्या, पाऱ्याला वेड लागलंय. पण तुम्हीच म्हणालात ना, अंग खोटं बोलतं, हे नाही बोलत. म्हटलं, एवढ्या वर्षांचा माणूस, चुकीचं कसं सांगेल?”

याच्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पारावाले बेचक्यांपाशी बसले. सुई उणे एकवर होती. द्रव केव्हाच पुढे जाऊन अकरावर उभा होता. त्यांनी बाईला जवळ बोलावलं.

“रोज सकाळी लिहून झालं की हे उचलून, फुगा वर करून, तिरकं करायचं असतं. सुई परत द्रवापाशी आणायची. ते मी सांगितलं नाही. तुमची थंडी अकरा दिवसांमागेच सरली, ताई. हे सगळं पाणी फुकट गेलं. करपा माझ्यामुळे आला.”

बाई ताठ उभी राहिली. हातातली पानं तिने खाली टाकली नाहीत, मुठीत आवळली.

“सांगायचं राहिलं तुमच्याकडून?”

हो म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. माणसाच्या हातून राहतं, वय झालं, असं म्हणून तिनेच समजूत घातली असती. पारावाल्यांच्या ओठांवर ते हो आलंही होतं.

“राहिलं की ठेवलं, ते मलाच कळत नाहीये,” ते म्हणाले. “हा तापमापक आधीपासून माझ्या कपाटात होता. तुम्ही पहिल्यांदा आलात त्या दिवशीही होता. दिला की तुमचा फोन बंद होईल, म्हणून मी बोललो नाही. मग दिला तर हे असं झालं. दिवसभर माझ्याशी कुणी बोलत नाही, ताई. रोज फोन तुमचा एकटीचाच यायचा.”

ओसरीवरून सासूबाईंच्या खोकल्याचा आवाज आला. बाईच्या चेहऱ्यावर राग होता, आणि तो खराच राग होता, पारावाल्यांची त्यातून सुटका व्हावी असं तिला अजिबात वाटत नव्हतं.

“तुम्हाला बोलायचं होतं तर बोलायचं असं म्हणायचं,” ती शेवटी म्हणाली. “माझा बटाटा कशाला मध्ये घातलात?”

मग ती खाली बसली. चिखलाचे हात पदराला पुसले. “कसं करायचं, दाखवा.”

“तुम्हीच करा. उचला. फुगा वर. आणखी जरा. बस.”

सुई हलली. पहिल्यांदा अडल्यासारखी झाली आणि मग एकदम नळीतून घरंगळत गेली, शून्य, चार, सात, आणि अकरावर येऊन टेकली.

“इतकंच?”

“इतकंच. रोज सकाळी.”

“आणि नाही केलं की?”

“मग ती सगळ्यात थंड रात्रीवरच बसून राहते,” पारावाले म्हणाले. “बाहेर कितीही ऊन पडलं तरी.” बाईने एकवार त्यांच्याकडे पाहिलं आणि तापमापक नीट बेचक्यांत ठेवला.

दिवसभर ते तिच्याबरोबर डागाळलेली पानं खुडत राहिले. तिने थांबा म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही. खालच्या चार ओळी काढूनच टाकाव्या लागल्या. वरच्या वाचतील असं दिसत होतं. दोन वाजले तेव्हा त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, आणि पुढचं पान खुडलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच दुपारची नोंद चुकली. उन्हं कलल्यावर ते टेकडी चढून आले, वही आत घेतली आणि न जेवता झोपले. फोनशेजारच्या खुर्चीत ते त्या दिवशी बसले नाहीत.

सकाळी सातला कुंपणात गेले. गवतातल्या तापमापकाची सुई आठ पूर्णांक एकवर होती. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. कालही आठ पूर्णांक एकच होतं, आणि रात्री तर चांगलीच ऊब होती. मग त्यांच्या लक्षात आलं. काल नळीपाशी हात थांबला होता तो तसाच मागे आला होता. वाचलं, लिहिलं, आणि निघून गेलो.

आत येऊन त्यांनी वही उघडली. कालच्या दुपारचा रकाना कोरा होता. आजच्या रकान्यात काय लिहायचं, तेही हातात नव्हतं. त्यांनी फोन ओढला. तिचा नंबर एवढ्या महिन्यांत त्यांनी एकदाही फिरवला नव्हता. फोन नेहमी तिकडून यायचा. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला आणि बराच वेळ वाजत राहिला. पाच घंट्या झाल्या, सहा झाल्या.

“हं,” पलीकडून आवाज आला. ओलावा नाही, पण फोन ठेवलाही नाही.

“ताई, तुमच्याकडे रात्री किती होतं?”

“मला विचारताय?”

“माझं काल हलवायचं राहिलं. सुई परवाच्या रात्रीवरच आहे. वहीत लिहायला आकडा नाही.”

मागे सासूबाई पंपाला काहीतरी सुनावत असल्याचं ऐकू येत होतं.

“राहिलं की ठेवलं?” तिने विचारलं.

पारावाल्यांनी डोळे मिटले. “राहिलं,” ते म्हणाले. “या वेळी खरंच राहिलं.”

“थांबा मग. अजून वाचलं नाही, जाऊन येते. ठेवू नका.”

रिसीव्हर कुठेतरी लाकडावर ठेवल्याचा आवाज झाला. मग दाराचा, मग चिखलात लांब जाणाऱ्या पावलांचा. पारावाले पेन उघडून, रिसीव्हर कानाला घट्ट धरून, थांबले.